पेठेचा रंग मुलींच्या अंगावर

कोल्हापुरातल्या सर्व तालीम मंडळांचे पदाधिकारी, कार्यकर्ते आणि फुटबॉल संघांचे व्यवस्थापक यांस,



मी आपल्यातलीच आहे. पेठेत वाढले. मॅचच्या दिवशी वडील मला सायकलच्या नळीवर बसवून शाहू स्टेडियमला न्यायचे. हलगी-घुमकं वाजायला लागलं की पायरीवर उभं राहून मी वडिलांच्या खांद्याला धरून मैदान बघायची. कुठला खेळाडू कुठल्या तालमीतून फुटून कुठे गेला, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. आज मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि संध्याकाळी सोळा मुलींना फुटबॉल शिकवते. तुमच्याकडे एक मागणं आहे. पण आधी एका क्लबची गोष्ट सांगू द्या. ती शंभर वर्षांपूर्वीची आणि सातासमुद्रापलीकडची आहे, तरी तुम्हाला ती परकी वाटणार नाही.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात प्रेस्टन नावाचं कापडगिरण्यांचं गाव आहे. आपल्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. ते मूळचं मँचेस्टर प्रेस्टनहून पन्नासेक किलोमीटरवर. फुटबॉलचं वेड म्हणाल तर अगदी आपल्यासारखं. इंग्लंडची पहिली फुटबॉल लीग १८८८-८९ साली झाली, ती एकही सामना न हरता जिंकली प्रेस्टन नॉर्थ एंडने. त्यांचं मैदान डीपडेल. गावात 'डिक, कर अँड कंपनी' नावाचा कारखाना होता. तिथे ट्रामगाड्या आणि विजेची यंत्रं बनायची. पहिलं महायुद्ध पेटलं, पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यात दारूगोळा बनायला लागला आणि कामावर आल्या बायका. बऱ्याचशा विशीच्या आतबाहेरच्या पोरी.

चहाच्या सुट्टीत या पोरी कारखान्याच्या आवारात मुलग्यांबरोबर चेंडू खेळायच्या. कपडे बदलायच्या खोलीला छोट्या चौकोनी खिडक्या होत्या, त्यांवर नेम धरायचा. मुलग्यांनी आधी काच फोडली तर मुलींनी त्यांना वुडबाइन सिगारेटचं पाकीट द्यायचं. मुलींनी फोडली तर मुलग्यांनी चॉकलेट. अॅलिस नॉरिस या खेळाडूने म्हातारपणी ही आठवण सांगितली आहे. मला ती फार आवडते, कारण आपल्याकडेही खेळ असाच सुरू होतो. बोळात, भिंतीवर, कुणाच्या तरी खिडकीची काच फोडून.

१९१७ च्या ऑक्टोबरात कारखान्याच्या पुरुषांचा संघ सामने हरत होता. ग्रेस सिबर्ट नावाच्या कामगार बाईने आणि तिच्या मैत्रिणींनी त्यांना डिवचलं, 'तुमच्यापेक्षा आम्ही बरं खेळू.' लागली पैज, झाला सामना. कचेरीत काम करणारे आल्फ्रेड फ्रँकलंड खिडकीतून या पोरींचा खेळ बघत असत. त्यांनी ठरवलं, यांचा संघ उभा करायचा. जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी निधी गोळा करायचा होताच. फ्रँकलंडनी सरळ जाऊन डीपडेल मैदान भाड्याने घेतलं. १९१७ च्या नाताळच्या दिवशी दहा हजार लोक सामना बघायला आले. डिक, करच्या पोरींनी दुसऱ्या एका ओतकामाच्या कारखान्याच्या पोरींना ४-० असं हरवलं आणि इस्पितळाला दोनशे पौंड मिळाले. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी, खाली निळी शॉर्ट, आणि केस झाकायला तशीच पट्ट्यांची टोपी.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या संघाचं नाव 'प्रेस्टन महिला क्रीडा मंडळ' किंवा तसलं काही नव्हतं. 'डिक, कर लेडीज' होतं. कारखान्याचं नाव. म्हणजे ज्या छपराखाली त्या बारा बारा तास राबायच्या, त्याचं नाव छातीवर. बघायला येणारे लोक त्यांच्याच गल्लीतले, त्यांच्याच पाळीतले. 'आपल्या पोरी' खेळतायत म्हणून लोक आले. प्रेस्टनला कारखाना होता, आपल्याकडे तालीम आहे.

पुढची चार वर्षं वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. १९२० च्या एप्रिलमध्ये अॅलिस मिलिया यांच्या पुढाकाराने फ्रान्सच्या मुलींचा संघ इंग्लंडला आला. डीपडेलवर पंचवीस हजार लोक. शरद ऋतूत डिक, करच्या पोरी फ्रान्सला गेल्या, पॅरिसमध्ये बावीस हजार लोकांसमोर खेळल्या. डिसेंबरात बेकार माजी सैनिकांसाठी सामना ठरला, पण हिवाळ्यात तिकडे दुपारीच अंधारतं. मग युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्याकडून परवानगी काढून लष्कराचे दोन सर्चलाइट मैदानाच्या दोन टोकांना आणून लावले. चेंडू दिसावा म्हणून प्रेस्टनचा जुना खेळाडू बॉब होम्स चेंडूंना पांढरा रंग फासत बसला होता. एक चेंडू चिखलाने काळवंडला की पांढराशुभ्र दुसरा आत टाकायचा. मैदानावर फक्की मारताना मला तो माणूस हटकून आठवतो. स्वतःच्या जमान्यातला नावाजलेला खेळाडू, थंडीत बाजूला बसून पोरींच्या मॅचसाठी चेंडू रंगवतोय. मंडळांमधल्या जुन्या खेळाडूंनो, हे मी तुमच्यासाठी मुद्दाम सांगते आहे.

त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी, १९२० च्या नाताळच्या सुट्टीत, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या मुलींशी सामना झाला. आत ५३ हजार प्रेक्षक, आणि जागा नाही म्हणून बाहेर राहिलेले आणखी हजारो. आघाडीची खेळाडू फ्लोरी रेडफर्ड हिची गाडी चुकली. कर्णधार अॅलिस केल बचाव फळीत खेळायची. दुसऱ्या सत्रात तिने स्वतःला पुढे काढलं आणि तीन गोल मारले. ४-० ने सामना जिंकला, तीन हजारांहून जास्त पौंड निधी जमला. महिलांच्या क्लब सामन्याला याहून मोठी गर्दी जमायला जगाला २०१९ साल उजाडावं लागलं, तेही स्पेनमध्ये. मधे ९८ वर्षं गेली. ती गेली कुठे, तेच सांगायचं आहे.

त्याआधी लिली पारविषयी दोन वाक्यं. सेंट हेलेन्सची ही पोर जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची असताना संघात आली. भावांबरोबर खेळून शिकलेली. उंचीला सहा फुटांच्या आसपास, डाव्या पायात एवढी ताकद की लेफ्ट विंगवरून ती क्रॉस टाकायची तेव्हा चेंडू डोक्यावर घेताना सोबतिणींना आधी पाय घट्ट रोवावे लागत. पहिल्याच हंगामात ४३ गोल. पुढे ती मनोरुग्णांच्या इस्पितळात नर्स झाली आणि नर्सची नोकरी सांभाळून तीसेक वर्षं खेळत राहिली. इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयाने २००२ मध्ये जिला आपल्या मानकऱ्यांत स्त्रियांमध्ये सर्वांत आधी जागा दिली, ती बाई हीच. तेव्हा ती जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

१९२१ मध्ये या संघाने ६७ सामने खेळले. नोकरी सांभाळून! दिवसभर कारखाना, मग गाडीने दुसऱ्या गावी, सामना, रात्रीचा परतीचा प्रवास आणि सकाळी पुन्हा भोंग्याला हजर. सामन्यामागे दहा शिलिंग मिळायचे, बुडालेल्या रोजाचे. त्याच वर्षी खाणमालकांनी खाणींना टाळं ठोकलं. लाखो खाणकामगारांच्या चुली थंडावल्या. मग गावोगाव बायकांचे संघ त्या कुटुंबांसाठी खेळले. इंग्लंडात तोवर असे दीडशेच्या आसपास संघ झाले होते.

आणि ५ डिसेंबर १९२१ ला लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनच्या समितीने एक ठराव केला. फुटबॉल हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये. सामन्यांच्या पैशांचा हिशेब नीट नाही, खर्चातच फार पैसा जातो, असंही त्यात म्हटलं. आणि शेवटी खरा वार: असोसिएशनच्या क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत.

बघा हं, खेळायला बंदी घातलेली नव्हती. कायदा केला नाही, पोलीस आले नाहीत, कुणाला दंड झाला नाही. फक्त मैदान द्यायचं नाही, एवढंच. पण ज्या खेळाला पन्नास हजार माणसं येत होती त्याचं मैदान काढून घेतलं की बाकी काय उरतं? गर्दी नाही, तिकीट नाही, निधी नाही. निधी नाही म्हटल्यावर 'चांगल्या कामासाठी खेळतोय' हा आधारही गेला. मला वाटतं, हीच त्या क्लबची सगळ्यांत नाजूक बाजू होती. सैनिकांसाठी, बेकारांसाठी, खाणकामगारांसाठी खेळणं समाजाला चाललं. खेळावंसं वाटतं म्हणून खेळणं चाललं नाही. पुरुषांच्या संघाला कुणी विचारत नाही, तुम्ही कुणासाठी खेळताय.

कर्णधार अॅलिस केल हिने तेव्हाच रोखठोक सांगितलं होतं, की रोजंदारीवरच्या मुलींनी पदरमोड करून गावोगाव खेळायला जायचं कसं? दहा शिलिंग ही बुडालेल्या कामाची भरपाई आहे, त्यात गैर काय? हार्ले स्ट्रीटचे बडे डॉक्टर सांगत होते, हा खेळ बाईच्या शरीराला झेपणारा नाही. फ्रँकलंडनी डॉक्टरांनाच सामन्याला बोलावलं. त्यातल्या एका डॉक्टरने खेळ बघून मत दिलं, की दिवसभर रगडून धुणं धुण्यापेक्षा याने जास्त इजा होत नाही. माझी आजी पंचगंगेच्या घाटावर घरभराचं धुणं धुवायची. तिच्या कमरेचं काय झालं हे कुठल्या डॉक्टरने कधी विचारलं नाही.

पोरी थांबल्या नाहीत. त्या ठरावाला आठवडाही झाला नव्हता तेव्हा एकत्र जमून संघांनी स्वतःची संघटना काढली. सामने रग्बीच्या मैदानांवर, मिळेल त्या माळावर होऊ लागले. १९२२ मध्ये डिक, करच्या पोरी बोटीने कॅनडाला पोचल्या, तर तिथल्या संघटनेनेही दारं लावून घेतली. मग अमेरिकेत जाऊन त्या पुरुषांच्या संघांशी नऊ सामने खेळल्या. त्यातले काही त्यांनी जिंकले, काही बरोबरीत सोडवले. पण कारखाना दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेला होता. फ्रँकलंडचं आणि नव्या मालकांचं फाटलं. १९२६ पासून छातीवर कारखान्याचं नाव राहिलं नाही. संघ 'प्रेस्टन लेडीज' झाला.

तरीही क्लब १९६५ पर्यंत चालला. एकूण ८२८ सामने, त्यांतले ७५८ जिंकले, ४६ बरोबरीत, हार फक्त २४ वेळा. असा हिशेब असलेला संघ बंद का पडला? हरला म्हणून नाही. फ्रँकलंड गेले, पाठोपाठ कॅथ लेथम या बाईंनी संघ चालवायचा प्रयत्न केला, आणि शेवटी अकरा मुली जमेनात. मैदान बंद करून चव्वेचाळीस वर्षं झाली होती. ज्या मुलीने कधी स्टेडियमवर बाईला खेळताना पाहिलंच नाही, ती कशाला बूट चढवेल? असोसिएशनने ठराव मागे घेतला, पण प्रेस्टनचा संघ विसर्जित होऊन काही वर्षं झाल्यावर. गावालाही विसर पडला होता. गेल न्यूशॅम या गावातल्याच बाईंनी १९९० च्या दशकात म्हाताऱ्या खेळाडूंना शोधून शोधून एकत्र आणलं, त्यांच्याकडून ऐकून घेतलं, म्हणून आज आपल्याला हे ठाऊक आहे. आता डीपडेलच्या भिंतीवर त्या संघाचं स्मारक आहे.

तर, दादांनो, आता आपल्या गावाकडे.

कोल्हापूरला फुटबॉल कुणी शिकवायची गरज नाही. कुस्तीच्या हौद्यात लाल माती अंगाला लावणाऱ्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले, हे भारतात दुसरीकडे क्वचितच घडलं असेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस... ही नावं घेतली की पेठेपेठेत माणसं सरसावून बसतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आपला अनिकेत जाधव खेळला, तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते. मुलींनीही कोल्हापूरचं नाव बाहेर नेलं आहे. एफसी कोल्हापूर सिटी हा संघ २०१९ मध्ये लुधियानात इंडियन विमेन्स लीग खेळला. पण माझ्या सोळा मुलींपैकी निम्म्या मुलींना हे मी सांगितल्यावर कळलं. आपल्या गल्लीतल्या पोरांच्या मॅचचा निकाल मात्र त्यांना मॅच संपायच्या आत कळतो. कारण पोरांची मॅच पेठेची असते. चौकात फलक लागतो, रात्री उशिरापर्यंत कट्ट्यावर तीच चर्चा असते.

आमच्या सरावाचं सांगते. गेल्या वर्षी आम्हाला एका मैदानावर आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळचा एक तास मिळाला होता. लेखी. तिसऱ्याच आठवड्यात गेलो तर पोरांचे संघ उतरलेले. स्पर्धा तोंडावर आहे, बाई, तुमच्या मुलींचं काय, उद्या खेळतील. बोलणारा माणूस वाईट नव्हता, माझ्याशी नीट बोलला, मुलींना बसायला बाकही दिला. मुली बसल्या, पोरांचा सराव बघितला, अंधार पडला, घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात तेच. मग सोळातल्या चार मुलींच्या घरून निरोप आले की रोज रोज नुसतं बसायलाच जायचं असेल तर कशाला पाठवायचं. त्या घरच्यांना मी काय उत्तर देणार होते? लंडनचा ठराव आठवला तो त्या संध्याकाळी. तिथे निदान कागदावर लिहिलं होतं.

आमची गोलरक्षक नववीत आहे. तिचा भाऊ तुमच्यापैकी एका तालमीच्या ज्युनियर संघात खेळतो. त्याची लहान झालेली जर्सी ती घालते. पाठीवरचा आकडा धुऊन धुऊन अर्धा निघालाय, बाह्या तिला कोपरापर्यंत येतात, त्या ती दुमडून घेते. खाली पेठेचं नाव मात्र अजून स्पष्ट वाचता येतं. एकदा मी म्हटलं, अगं शाळेची जर्सी आहे की, ती घाल. ती म्हणाली, 'बाई, ही आमची हाय.'

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. फेडरेशनकडून, सरकारकडून जे मिळायचं ते मिळेल, त्यासाठी मी वेगळे अर्ज करत असते. तुमच्याकडे मागायचं ते तेच, जे दुसऱ्या कुणाला देताच येणार नाही. तुमच्या तालमीच्या नावाने, तुमच्या रंगात, मुलींचा संघ उतरवा. दोन तालमींनी सुरुवात केली तरी हंगामात एक मॅच होते. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी शाहू स्टेडियमवर तासभर मुलींना द्या. लोक आलेलेच असतात, अर्धा तास आधी येतील. सरावासाठी दोन दिवस ठरवून द्या आणि स्पर्धा तोंडावर असली तरी ते दिवस मोडू नका. कपडे बदलायला एक खोली आणि तिथे पाणी असलेलं स्वच्छतागृह, हे तर पोरांनाही लागतंच. जुन्या खेळाडूंपैकी दोघं-तिघं आठवड्यातून एकदा शिकवायला आले तर माझं ओझं हलकं होईल. बचाव फळीचं खेळणं मला नीट शिकवता येत नाही, हे मी कबूल करते. आणि कृपा करून हा संघ कुणा एका हौशी माणसाच्या खांद्यावर सोडू नका, माझ्याही नाही. मंडळाच्या जमाखर्चात त्याची वेगळी ओळ असू द्या. प्रेस्टनचा क्लब फ्रँकलंडसारख्या एका माणसावर उभा होता, तो माणूस गेल्यावर फार वर्षं टिकला नाही.

एका काकांनी मला विचारलं होतं, मुलींच्या मॅचला गर्दी येईल का? मी म्हटलं, प्रेस्टनला पहिल्याच मोठ्या मॅचला दहा हजार आले होते, ते काय मुलींचा फुटबॉल माहीत होता म्हणून आले नव्हते. कारखान्याच्या नावावर आले होते. आपल्याकडे पेठेच्या नावावर किती येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

जर्सी शिवायला टाकायच्या आधी निरोप द्या. सोळाही जणींची मापं मी घेऊन वहीत लिहून ठेवली आहेत. त्या चार मुलींचीही.

आपली,
पेठेतली एक खेळाची शिक्षिका